शहरभर स्वस्त सामायिक वायरलेस जाळे : जळगावसाठी आराखडा, हिशेब आणि अडचणी

गिरणाकाठ

जळगावात वीस-पंचवीस घरे, एक-दोन अभ्यासिका आणि एखादी शाळा जोडणारे लोकांच्या मालकीचे वायरलेस जाळे उभे करायचे तर काय लागेल, याचा आराखडा मांडतो आहे. बिनधास्त चुका काढा. भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगावलाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल.

आधी मेशबद्दलचा, म्हणजे एका राउटरने दुसऱ्याला हात देत पुढे नेलेल्या जाळ्याबद्दलचा, गैरसमज. सगळ्यांनी घरचे राउटर मेशवर टाकले की शहर जोडले गेले, असे होत नाही. घरातल्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल विटांच्या दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडेपर्यंत संपतो. शिवाय एकाच रेडिओवर (लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रावर) मेश चालवली तर प्रत्येक उडीला, म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्यावर जाताना, वेग निम्म्यावर येतो, कारण तोच रेडिओ आधी ऐकणार आणि मग तेच पुढे सांगणार. तिसऱ्या उडीनंतर व्हिडिओ चालत नाही. बर्लिनच्या फ्रायफुंक आणि स्पेनमधल्या कॅटालोनियात २००४ पासून चालणाऱ्या गुईफी या लोकांनी उभ्या केलेल्या जाळ्यांचे दाखले लोक देतात. पण तिथेही लांबचा भार वाहतात ते उंचावरून उंचावर नेम धरून लावलेले अँटेनाच.

म्हणून रचना अशी: चार उंच गच्च्या. मधली मुख्य, बाकी तीन उपगच्च्या. मुख्य गच्चीपासून प्रत्येक उपगच्चीला डिश ते डिश असा स्वतंत्र दुवा, म्हणजे तीन दुवे, सहा डिश. प्रत्येक गच्चीवर वस्तीच्या दिशेने १२० अंशांचा एक सेक्टर अँटेना (पंख्यासारखा पसरट झोत टाकणारा). इमारतींवर छोटे चौकोनी रेडिओ, त्यांचे तोंड सेक्टरकडे. तिथून खाली घरात वायर आणि घरात नेहमीचा राउटर. सगळे ५ गिगाहर्ट्झवर. २.४ फक्त घराच्या आत.

मुख्य गच्ची नवी पेठेच्या आसपास आणि बाकीच्या मेहरूण, पिंप्राळा, शिवाजीनगर अशा धरल्या तर दुवे दोन-तीन किलोमीटरच्या आतबाहेर बसतात. शिवाजीनगर रेल्वेलाइनपलीकडे आहे. तिथे वायर न्यायची तर रेल्वेकडे खेटे घालावे लागतील, हवेतून जायला ती भानगड नाही.

तीन किलोमीटरच्या दुव्याचे गणित. ५.८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतला तोटा ११७ डीबी (सिग्नलची वाढ-घट मोजायचे एकक). पाठवणारी बाजू कायद्याच्या कमाल मर्यादेवर, म्हणजे अँटेना धरून ३६ डीबीएमवर (डीबीएम म्हणजे पॉवरचे माप). घेणारी डिश २३ डीबीआयची (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचे माप). ३६ वजा ११७ अधिक २३, म्हणजे उणे ५८ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. नेमातली चूक, धूळ, जुने कनेक्टर यांचे दोन-चार डीबी सोडले तरी उणे ६१-६२ मिळायला हवेत. २३ डीबीआयच्या डिशला रेडिओची पॉवर १३ डीबीएमच ठेवायची. बरेच जण स्लायडर शेवटापर्यंत ओढतात. त्याने मर्यादा मोडतेच, वर शेजारच्या दुव्यांचा गोंगाट वाढतो आणि तो फिरून आपल्याच सेक्टरच्या कानात येतो.

नवीपेठी

चांगला धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. एक खवचट प्रश्न: चारशे-पाचशे रुपयांत घरोघर फायबर मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? आणि कायद्यात बसते का हे?

गिरणाकाठ

@नवीपेठी, खवचट कसला, हाच पहिला प्रश्न आहे. ज्या गल्लीत बरे फायबर आले आहे तिथे निव्वळ इंटरनेटसाठी हे करू नये. जाळे कामाचे ठरते ते फायबर न पोचलेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत. शिवाय जिथे आपसातलीच वाहतूक जास्त आहे तिथे: अभ्यासिकेचा सर्व्हर, सोसायट्यांचे कॅमेरे, शाळेच्या दोन इमारती. कायद्याचे @टपालपेटी सांगतील.

टपालपेटी

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, लहरी आणि सेवा.

लहरींचा भाग सोपा. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ २००५ पासून विनापरवाना आहे. ५ गिगाहर्ट्झमधले ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळे झाले. बाहेरच्या दुव्यांसाठी ५७२५ ते ५८७५ सगळ्यात सोयीचा, कारण तिथे ३६ डीबीएमपर्यंत जाता येते. मधल्या पट्ट्यांत मर्यादा कमी आहे. उपकरणाला ईटीए (सरकारची उपकरण-प्रकार) मंजुरी असली पाहिजे. परदेशातून कुणी बॅगेत आणलेला रेडिओ लावू नका. ६० गिगाहर्ट्झचे रेडिओ यूट्यूबवर फार छान दिसतात, पण आपल्याकडे तो पट्टा अजून मोकळा केलेला नाही.

सेवेचा भाग अवघड. घरगुती फायबरचे कनेक्शन घेऊन चोवीस घरांना पैसे घेऊन वाटणे म्हणजे विनापरवाना इंटरनेट सेवा. 'ना नफा' म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. मार्ग दोन. पहिला पीएम-वाणी, म्हणजे सार्वजनिक वायफायची केंद्राची योजना. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. यातल्या पीडीओला, म्हणजे प्रत्यक्ष वायफाय देणाऱ्या दुकानाला किंवा अभ्यासिकेला, परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि शुल्कही नाही. ओळखपडताळणी आणि हिशेब वरचा पीडीओए, म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र बांधणारी संस्था, बघतो. पीडीओला फार महाग लाइन घ्यावी लागते ही जुनी ओरड होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने घरगुती फायबरच्या २०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनचा दर पीडीओसाठी जास्तीत जास्त दुप्पट, अशी मर्यादा घातली.

दुसरा मार्ग मला घरांसाठी जास्त पटतो. जिल्ह्यापुरता क वर्गाचा परवाना असलेल्या स्थानिक आयएसपीशी, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्याशी, करार करायचा. ग्राहक त्याचे, केवायसी आणि लॉग (वापराच्या नोंदी) त्याचे, गच्च्या आणि रेडिओ आपले. केबलवाल्याला, म्हणजे या स्थानिक आयएसपीला, शत्रू समजू नका. रात्री दोनला लाइन पडली तर शिडी त्याच्याकडेच असते.

मेहरूणकर

सामान आणि खर्च मांडतो. भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक इकडे-तिकडे होतील. हिशेब चार गच्च्या आणि १४ इमारतींतली २४ घरे धरून. एका इमारतीत दोन-तीन घरे असतील तर प्रत्येकाला वेगळा रेडिओ लावायचा नाही. एक रेडिओ आणि खाली पाच पोर्टचा स्विच. ही एक गोष्ट पाळली की खर्च झपकन खाली येतो.

दुव्यांसाठी लाइटबीम ५एसी जातीच्या सहा डिश, आठेक हजार दराने ४८ हजार. चार सेक्टर, ४० हजार. इमारतींसाठी १३ डीबीआयचे चौदा रेडिओ, ७० हजार. गच्च्यांवर चार राउटर, मायक्रोटिकचे हेक्स चालतात, २४ हजार. चौदा स्विच, साडेबारा-तेरा हजार. बाहेरची कॅट-६ (नेटवर्कची) वायर ३०५ मीटरचे तीन बॉक्स, ३६ हजार. बॅटरी, चार्जर, कन्व्हर्टर, पेटी असा वीजसंच चार ठिकाणी, ३६ हजार. पोल, वजने, क्लॅम्प, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे) चार ठिकाणी, ४८ हजार. कनेक्टर आणि हत्यारे दहा. सुट्टे सामान वीस: एक डिश, दोन छोटे रेडिओ, चार अडॅप्टर. बेरीज साडेतीन लाखांच्या आत, घरामागे साडेचौदा हजारांपर्यंत.

यात रेडिओ निम्म्याहूनही कमी आहेत हे बघा. काटकसर करताना लोक नेमके उरलेल्या निम्म्यावर हात मारतात, आणि जाळे पडते ते तिथेच. दरवर्षी मूळ खर्चाच्या दहा टक्के बदलीसाठी बाजूला टाका. ते घरामागे महिना १२० रुपये होतात. हा निधी पहिल्या महिन्यापासून गोळा झाला नाही तर तिसऱ्या वर्षी वर्गणी मागायला कुणी दार उघडत नाही.

वायरीबद्दल. बाजारात 'कॅट-६ आउटडोअर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बॉक्समध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायची खूण: तारेचे टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले की परत करा. बॉक्स उचलला तरी कळते, हलका लागतो. या तारेचा विरोध दीडपटीहून जास्त, म्हणजे लांब वायरीत रेडिओला व्होल्ट कमी पडतात आणि भार आला की तो आपोआप रिस्टार्ट होतो. वळणावर तुटते ते वेगळेच. बाहेरचे आवरण काळ्या पॉलिथिनचे हवे. घरातली पांढरी-निळी वायर गच्चीवर टाकली तर आपल्याकडचे उन्हाळे तिला सोसत नाहीत. साल तडकते, पाणी शिरते आणि वायरीच्या आतून वाहत थेट रेडिओच्या पोर्टात उतरते. म्हणून रेडिओखाली वायरीचा एक लोंबता वळसा सोडा आणि पोर्टाचे तोंड जमिनीकडेच ठेवा.

शिरपूर_फाटा

मेहरूणकर, लाइटबीमऐवजी टीपी-लिंकचे सीपीई ६१० घेतले तर? स्वस्त पडतात आणि डिशही २३ डीबीआयचीच आहे.

मेहरूणकर

घराला चालेल, कण्याला, म्हणजे गच्च्यांमधल्या दुव्यांना, नको भाऊ. त्याचे इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचे. हवेत कितीही वेग दाखवला तरी वायरीतून नव्वद-पंच्याण्णवच्या वर येणार नाही. सीपीई ५१० चेही तेच, पण एका इमारतीला तेवढे भरपूर झाले. मात्र एका सेक्टरवर एकाच कंपनीचे रेडिओ ठेवा, कारण वेळवाटपाची (कोणत्या रेडिओने कधी बोलायचे याची) पद्धत प्रत्येक कंपनीची आपापली असते. वेळवाटप बंद करून साध्या वायफायवर आणले तर इमारतींवरचे रेडिओ एकमेकांना ऐकू येत नाहीत. सगळ्यांचे तोंड सेक्टरकडे असते ना. मग सगळे एकदम बोलतात. चार इमारतींपर्यंत हे चालून जाते, आठ झाल्या की संध्याकाळी सेक्टर बसतो.

भुसावळ_जंक्शन

जागा निवडण्याबद्दल. जळगावात सगळ्यांची नजर महापालिकेच्या सतरा मजली इमारतीवर जाते. परवानगीचा भाग सोडा, तांत्रिकदृष्ट्याही तो मोह टाळा. जितके उंच जाल तितका आख्ख्या शहराचा वायफाय गोंगाट ऐकू येतो. चौथ्या मजल्यावर गोंगाटाची पातळी उणे ९५ असेल तर उघड्या उंचावर उणे ८२-८५ सुद्धा दिसते. सिग्नल उणे ६० असून उपयोग काय, दोघांतले अंतर मोजायचे. वरच्या वेगासाठी किमान ३० डीबी अंतर लागते. आजूबाजूच्या घरांपेक्षा दोन मजले उंच आणि बाकी बाजूंनी जिन्याच्या खोलीची किंवा टाकीची आड असलेली गच्ची सगळ्यात उत्तम.

दृष्टिरेषा म्हणजे नुसते समोरचे टोक दिसणे नव्हे. तीन किलोमीटरला मधोमध फ्रेनेल पट्ट्याची (सरळ रेषेभोवती लहरी पसरतात त्या फुगीर भागाची) त्रिज्या सव्वासहा मीटर भरते. त्यातले साठ टक्के, म्हणजे रेषेभोवती पावणेचार मीटर मोकळे हवेत. दीड किलोमीटरला अडीच मीटरच्या थोडे वर. समोरच्या गच्चीवर नुसती काळी पाण्याची टाकी रेषेच्या मीटरभर खाली आली तरी दुवा दिसतो चांगला आणि चालतो वाईट.

आणि पाहणी माघ-फाल्गुनात करू नका. कडुनिंबाची पाने गळालेली असतात, दुवा झकास लागतो. चैत्रात पालवी आली की तोच दुवा दहा-पंधरा डीबी खाली बसतो आणि पावसात पाने ओली झाली की आणखी. लोक पावसाला दोष देतात. दोन-तीन किलोमीटरला ५.८ वर मुसळधार पावसाचा तोटा फार तर एक-दोन डीबी. दोष झाडाचा असतो.

चॅनल रुंदी (एका दुव्याने व्यापलेला लहरींचा पट्टा) शहरात २० मेगाहर्ट्झ, कण्याला फार तर ४०. ऐंशीचा मोह नको. रुंदी चौपट केली की गोंगाट ६ डीबीने वाढतो आणि मोकळी जागा तर एवढी कुठेच नसते. २० वर दुव्याला प्रत्यक्ष शंभरेक एमबीपीएस मिळतात, ४० वर दोनशेच्या आसपास. एका गच्चीवरचे दोन रेडिओ शेजारच्या चॅनलवर ठेवू नका. मध्ये निदान २० मेगाहर्ट्झ मोकळे सोडा आणि पोलवर मीटरभर उंचीचा फरक ठेवा.

केळीबाग

@भुसावळ_जंक्शन, नेम कसा धरता? मोबाइलचे होकायंत्र लोखंडी पोलजवळ वेड्यासारखे फिरते.

भुसावळ_जंक्शन

होकायंत्राने फक्त ढोबळ दिशा घ्यायची, तीही पोलपासून चार हात लांब उभे राहून. मग पलीकडच्याने दुपारी आरशाची तिरीप पाडायची किंवा संध्याकाळी टॉर्च. तीन किलोमीटरवर आरसा लख्ख दिसतो. दोन्हीकडे एकेक माणूस आणि फोन चालू. एका वेळी एकच बाजू हलवायची, आधी आडवी मग उभी. सावकाश, कारण स्क्रीनवरचा आकडा सेकंद-दोन सेकंद मागे असतो.

इथे सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बाजूची पाकळी. डिशच्या मुख्य झोताशेजारी छोटे झोत असतात. तिथे आकडा वर जातो, पुन्हा खाली येतो आणि माणूस म्हणतो, सापडले. म्हणून हिशेब आधी कागदावर हवा. कागद उणे ६० म्हणतोय आणि हातात उणे ७८ आहे तर तुम्ही पाकळीवर आहात. बोल्ट आवळू नका, दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश फिरवून बघा. शेवटी दोन्ही चेनचे (रेडिओतल्या आडव्या-उभ्या लहरींच्या दोन वाटांचे) आकडे तपासा. तीन डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर डिश तिरकी बसली आहे नाहीतर आत पाणी आहे.

नेम जमला की पोल आणि क्लॅम्प यांच्या आरपार भोक पाडून एक बोल्ट टाका. नुसत्या यू-क्लॅम्पवर वाऱ्याने पोल स्वतःभोवती फिरतो. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, तर आपला पोल कोण?

तापीतीर

वीज आणि अर्थिंग. थोडे सविस्तर लिहितो, कारण खान्देशात जाळ्याचे मरण इथेच आहे.

उपगच्चीचा भार असा: एक डिश सात वॅट, सेक्टर आठ, राउटर पाच. मुख्य गच्चीवर तीन डिश, म्हणजे ३४. सरासरी २५ धरा. महिन्याला १८ युनिट. घरमालकाला हा आकडा आधीच सांगा आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. 'किरकोळच आहे' म्हणून सोडलेले बिलच पुढे भांडणाचे कारण होते.

बॅटरी १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट. २५६ वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरायचे, कन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जाणार. उरतात १७४. पंचवीस वॅटला सात तास. छोट्या यूपीएसमधली सात अँपिअर-तासाची लेडची बॅटरी त्याच भाराला दीड तासही पुरत नाही. घरमालकाचा इन्व्हर्टर आधीच चालू असेल तर त्यावर टाकायला हरकत नाही. पण फक्त यासाठी नवा इन्व्हर्टर घेऊ नका, तो स्वतःच दहा-वीस वॅट खातो. बारा व्होल्टवरून चोवीसचा कन्व्हर्टर लावून थेट रेडिओला द्या.

बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीत ४४-४५ अंश असतात, उन्हातल्या पेटीत त्याहून कितीतरी वर. लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक कंपन्यांच्या कागदावर असते. जिन्याच्या खोलीत, भिंतीला, जमिनीपासून दोन फूट वर. राउटरही तिथेच. गच्चीवर फक्त रेडिओ.

अर्थिंग. आपली काळी माती ओली असताना उत्तम, कारण वीज पटकन जिरवते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि रॉडपासून सुटते. मग विरोध चढतो, आणि पहिली वळवाची वीज येते ती नेमकी तेव्हाच. रॉडभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरा, तोंडाशी खड्डा ठेवा आणि चैत्र-वैशाखात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मोजणी पावसाळ्यात नाही, मेमध्ये करा. पाच ओहमच्या खाली हवे.

बरेच वायरमन पोलची अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगपासून वेगळी ठेवायला सांगतात. दोन्ही खाली जोडून घ्या. वेगळ्या ठेवल्या तर जवळ वीज पडताच दोघींमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि त्याला जायला एकच वाट असते, तुमची नेटवर्क वायर. सर्ज प्रोटेक्टर वायरीच्या दोन्ही टोकांना, आणि त्याची अर्थची तार जितकी आखूड आणि सरळ तितके बरे. थेट पोलवर पडलेल्या विजेपुढे यातले काहीही टिकत नाही. हे सगळे आजूबाजूला पडणाऱ्या विजेसाठी आहे.

देवपूर_पांझरा

+१ तापीतीर. धुळ्याकडून एक भर.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्या सरळ रेषेत आणि भिंतीला भिंत लागून घरे. तिथे गल्लीच्या आत रेडिओ लावूच नका. एका टोकाला एक रेडिओ आणि तिथून गच्ची ते गच्ची दोन कोरची ड्रॉप फायबर (घरापर्यंत नेतात ती बारीक केबल). दोन घरांमध्ये तांब्याची वायर कधीच टाकू नका. दोन घरांची अर्थिंग वेगळी, म्हणजे वर तापीतीर म्हणाले तोच वणवा. फायबरमध्ये वीज जातच नाही, मात्र आधाराची तार स्टीलची नसून एफआरपीची (फायबरग्लासची) आहे ना तेवढे पाहा. माध्यम बदलणारी (फायबरवरून नेटवर्क वायरवर आणणारी) डबी हजाराच्या आसपास मिळते. पांझरेपलीकडे देवपूरला मात्र रेडिओच बरा.

पोलसाठी गच्चीला भोक पाडायचे नाही हा नियमच करा. गळती आपल्यामुळे नसली तरी पहिला संशय आपल्यावरच येतो. दीड इंची जीआय पाइप, तीन मीटर, बी क्लास. खाली लोखंडी चौकट आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांवर तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यांत ओतलेले काँक्रीट. एक डबा पस्तीस किलोच्या आसपास भरतो. डब्याखाली जुन्या टायरची रबरी पट्टी, म्हणजे चायना मोझॅक फुटत नाही. पोल उभा करण्याआधी बघा की आडवा पडला तरी तो विजेच्या तारांना पोचणार नाही. जुन्या गल्ल्यांत ११ केव्हीच्या तारा सज्जाच्या अगदी जवळून जातात. पोचत असेल तर ती गच्ची सोडून द्या. यावर चर्चा नको.

अमळनेरी

सॉफ्टवेअरबद्दल कुणीच बोलले नाही म्हणून मी.

आख्खे जाळे एकाच सपाट नेटवर्कमध्ये ब्रिज करणे (मध्ये राउटर न ठेवता सगळे एकत्र जोडणे) हा सगळ्यांचा आवडता घोटाळा. पहिल्या दहा घरांपर्यंत मस्त चालते. मग कुणीतरी घरचा राउटर रिसेट करतो आणि आपली वायर डब्ल्यूएएनऐवजी (बाहेरच्या लाइनच्या पोर्टाऐवजी) लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात खोचतो. आता त्याचा राउटर शहरभर आयपी (नेटवर्कमधले पत्ते) वाटत सुटतो. अर्ध्या घरांना १९२.१६८.०.१ हा चुकीचा गेटवे (बाहेर जायचे दार) मिळतो आणि त्यांचे नेट बंद. शोधणे महाकठीण, कारण बिघाड एका घरात आणि तक्रारी दुसऱ्या सोळा घरांतून.

उपाय: इमारतीवरचा रेडिओ राउटर मोडमध्ये. प्रत्येक गच्चीला स्वतंत्र नेटवर्क, म्हणजे १०.२०.१.०/२४, १०.२०.२.०/२४ असे. तिसरा आकडा गच्चीचा, चौथा इमारतीचा. पत्ता बघून जागा कळली पाहिजे. सेक्टरवर क्लायंट आयसोलेशन (इमारतींना एकमेकांपासून वेगळे ठेवणे) चालू. इमारतीतल्या स्विचवर सगळी घरे एकत्र येतात, त्यामुळे तो गोंधळ झालाच तरी एका इमारतीपुरता राहतो. चार गच्च्यांना स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेल्या वाटा) पुरतात. पुढेमागे मेहरूण-पिंप्राळा असा चौथा दुवा टाकून कडे पूर्ण केलेत तर ओएसपीएफ (वाटा आपोआप शोधणारी पद्धत) चालू करा, आधी नको. १००.६४ ने सुरू होणारे पत्ते वापरू नका, बरेच आयएसपी त्यांच्या बाजूला तेच वापरतात.

वेगाची वाटणी. २०० ची लाइन २४ घरांना गर्दीच्या वेळीही पुरते, फक्त रांग नीट लावली पाहिजे. मुख्य राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग लावायच्या पद्धती) लावा, मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये दोन्ही आहेत आणि राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही. मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे १८० वर. म्हणजे रांग आयएसपीच्या डब्यात न साचता आपल्या हातात राहते. मात्र हेक्ससारख्या छोट्या राउटरवर केकने प्रोसेसर दमतो, मुख्य गच्चीला एक पायरी वरचा राउटर घ्या. प्रत्येक घराला '१० एमबीपीएस' अशी टोपी घालू नका. रात्री दोनला रिकामी लाइन असताना कुणाला दहावर अडवून काय मिळवणार?

एक जुना डेस्कटॉप मुख्य गच्चीखाली ठेवा. त्यावर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या किविक्समधून मराठी विकिपीडिया आणि तशाच कोलिब्रीवर शाळेचे धडे. बाहेरची लाइन पडली तरी अभ्यासिका चालू राहते. आणि त्यावरूनच दर मिनिटाला सगळ्या रेडिओंना पिंग (चालू आहे का याची चाचणी).

केळीबाग

जळगाव-भुसावळ असा एक लांब दुवा टाकून दोन शहरे जोडता येतील का?

भुसावळ_जंक्शन

अंतर २५ किलोमीटर धरा. पृथ्वीच्या गोलाईचा फुगवटा मध्ये नऊ मीटर, फ्रेनेलचे साठ टक्के पावणेअकरा. झाले वीस. त्यावर मधली झाडे आणि विजेचे मनोरे. दोन्हीकडे तीस-पस्तीस मीटरचा टॉवर पाहिजे. सिग्नल ३० डीबीआयची डिश लावूनही उणे सत्तरच्या आसपास, म्हणजे २० मेगाहर्ट्झवर पन्नास-साठ एमबीपीएस. एवढ्या लोखंडाच्या पैशात दोन्ही शहरांत वेगळ्या लाइनी कितीतरी वर्षे चालतील. दोन जाळी वेगळी ठेवा आणि इंटरनेटवरून व्हीपीएनने (खासगी बोगद्यासारख्या जोडणीने) जोडा.

टपालपेटी

गच्चीच्या कराराबद्दल राहिले. तोंडी नको. ५०० च्या स्टॅम्पवर, सोसायटी असेल तर ठरावासकट. चार गोष्टी नक्की लिहा: वीजबिल कोण आणि कसे देणार, गच्चीवर केव्हा जाता येईल, मालकाने मजला चढवला किंवा टाकी हलवली तर किती दिवस आधी सांगायचे, आणि सामान काढून न्यायची मुदत. चावी दोघांकडे ठेवा. मालक लग्नाला नाशकात आणि जिन्याला कुलूप, मग तिकडे तीन वस्त्या बंद.

शिरपूर_फाटा

युबिक्विटीचे जुने एम-सिरीजचे नॅनोस्टेशन रेडिओ भंगाराच्या भावात मिळत आहेत. घराघरांसाठी घेऊ का?

मेहरूणकर

कण्याला नाही. इमारतींसाठी घ्या, पण एसीच्या (नव्या पिढीच्या) सेक्टरवर मिसळू नका, जुने दोन-तीन आले की सगळ्यांचा वेग उतरतो. त्यांच्यासाठी एक जुनाच सेक्टर वेगळा ठेवा. घेताना पोर्ट उघडून हिरवट गंज बघा. चालू केल्यावर पहिल्यांदा फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) बदला, कारण २०१६ साली त्यांच्या एअरओएस या फर्मवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर एक व्हायरस फिरला होता आणि कपाटात पडून असलेल्या नगात तीच आवृत्ती असू शकते. ubnt हाच पासवर्ड चालत असेल तर तोही लगेच बदला. अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून मगच लावा. सगळे डबे दिसायला सारखेच, पण काही १५ चे, काही २४ चे. आणि ४८ चा डबा २४ च्या रेडिओला लागला की धूर. अडॅप्टरवर मार्करने मोठ्या अक्षरात आकडा लिहून ठेवा.